पाणी आणि पानी



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी बसून जवळजवळ तीस वर्षे काम केले. त्या मुदतीत बाहेरच्या ओट्यावरच घुटमळणाऱ्या, आत येण्यास संकोचणाऱ्या कितीएक माणसांना त्यांनी स्वतः उठून, दारापर्यंत जाऊन आत आणले, असे येथील वृद्ध सभासदांनी मला आज दुपारीच सांगितले. आत येणाऱ्याने काय वाचावे, किती शुद्ध बोलावे, पायताण कोठे काढावे, याची पृच्छा न करता आधी त्याला बसावयास जागा द्यावी, हा त्यांचा शिरस्ता होता म्हणतात. आज मी जे बोलणार आहे ते या एका शिरस्त्याच्या आधारानेच बोलणार आहे.

माणसामाणसांतील वेगळेपणा स्वीकारण्यास आपण कसे शिकावे, हा विषय ग्रंथालयाच्या चालकांनी सुचविला तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. पोशाख, अन्न, उपासना, विवाह, शरीराचे व्यंग, मनाची घडण, अशा ज्या ज्या ठिकाणी समाज व्यक्तीकडून एकसारखेपणाची खंडणी वसूल करतो, त्या सर्वांचा परामर्श एका सायंकाळी घेणे अशक्य आहे, आणि सर्वांविषयी थोडेथोडे बोलावे तर कशाविषयीच काही बोलल्यासारखे होत नाही. सबब मी एकच क्षेत्र निवडले आहे, ज्यात माझे सारे आयुष्य गेले आणि ज्यात माझ्या हातून एक अपराधही घडला. ते क्षेत्र मराठी बोलण्याचे. मनुष्याचे कूळ, शिक्षण, मिळकत यांतले काहीही ठाऊक होण्यापूर्वी त्याचा उच्चार आपल्या कानावर पडतो, आणि त्या एका उच्चारावरून आपण त्याची जागा ठरवून टाकतो. पुढे तो काय सांगतो ते पुष्कळदा आपण ऐकतच नाही.

वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझे वय तेवीस वर्षांचे होते. जन्म आणि शिक्षण पुण्यातले. शुद्धलेखनाच्या नियमांवर माझी श्रद्धा होती, आणि आपण एका अज्ञानी मुलखात भाषेचा दिवा घेऊन आलो आहो असा माझा मनोमन समज होता. आठवीच्या वर्गात एक मुलगा धडा मोठ्याने वाचीत होता. वाचता वाचता तो ‘पानी’ म्हणाला. मी त्याला थांबविले आणि ‘पाणी’ म्हणावयास सांगितले. तो पुन्हा ‘पानी’ म्हणाला. मग मी त्याला बाकावर उभे केले आणि तो शब्द सात-आठ वेळा म्हणवून घेतला. त्याची जीभ जसजशी अडखळू लागली तसतसा वर्ग हसू लागला. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी पानीच पीत असत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. आपण हसणाऱ्यांच्या बाजूला आहो, उभ्या केलेल्याच्या बाजूला नाही, एवढी खात्री पटविण्यासाठीच ती मुले हसत होती, हे तर मला फार वर्षांनी उमगले.

त्या वर्षी तो मुलगा पुन्हा मोठ्याने वाचावयास उभा राहिला नाही. पुढे चाचणी परीक्षेत शेतीच्या अवजारांची नावे विचारली होती. क्रमिक पुस्तकात कुळव, पाभर, कोळपे हे शब्द होते. त्याने वखर, तिफन, डवरा असे लिहिले. मी तिन्हींवर लाल रेघ मारली. ज्याने वखराच्या मागे चालून तळपाय भाजून घेतले होते, त्याला वखर पाहिलेला नसलेल्या शिक्षकाने शून्य गुण दिले. हळूहळू त्याच्या उत्तरपत्रिका निर्दोष होत गेल्या आणि तो वर्गात बोलेनासा झाला. वर्षअखेरीच्या शेऱ्यात मी ‘समाधानकारक प्रगती’ असे लिहिल्याचे मला स्वच्छ स्मरते.

आता त्या शब्दाकडेच थोडे पाहू. पाणी हा शब्द संस्कृत ‘पानीय’ यावरून आला. लोणी आले ‘नवनीत’ यावरून, गाणे आले ‘गान’ यावरून, जाणणे हे ‘जानाति’ या रूपाशी नाते सांगते. या सर्व मूळ शब्दांत ‘न’ आहे. प्राकृतांच्या काळी महाराष्ट्री भाषेने तो ‘ण’ केला, आणि पुढे मराठी मुलखाच्या मोठ्या भागात लोकांच्या जिभेने तो पुन्हा ‘न’ केला. म्हणजे ज्या मुलाला मी बाकावर उभे केले तो त्या एका वर्णापुरता माझ्यापेक्षा संस्कृताच्या अधिक जवळ होता, आणि तत्सम शब्दांचा अभिमान बाळगणारा मी त्याला अशुद्ध ठरवीत होतो. ही गोष्ट एका भाषाशास्त्राच्या ग्रंथात मला प्रथम उमगली तेव्हा मला मोठा आनंद झाला, आणि पुढे कित्येक वर्षे मी ती सभांतून सांगत असे.

परंतु हे प्रमाण मला आता पुरेसे वाटत नाही. किंबहुना त्यात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे असे वाटते. त्या मुलाचा ‘पानी’ मी का मानावा? तो संस्कृताच्या जवळ आहे म्हणून? मग वऱ्हाडात आणि खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची ‘शाया’ आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो, त्यास संस्कृताचा असा काही दाखला मिळाला नाही तर ते उच्चार मी नामंजूर करावयाचे काय? कोल्हापूरकडील स्त्री ‘मी जातो’ म्हणते, मालवणी माणूस ‘खंय’ म्हणून विचारतो, त्यांनाही आपापल्या वंशावळीचा कागद आणून दाखवावयास लावावे काय? परक्याचे वेगळेपण आपल्याच मोजपट्टीवर उतरले म्हणून त्याला मान्यता द्यावयाची, यात मोजपट्टी आपल्याच हातात राहते. आपण त्याला फक्त आपल्यासारखा ठरवून घेतलेला असतो. तो आपल्यासारखा नाही आणि नसू शकेल, इतके कबूल करूनही त्याचे म्हणणे कान देऊन ऐकावयाचे, हे याहून पुष्कळ कठीण आहे.

ही मोजपट्टी तयार झाली तरी केव्हा? मोल्सवर्थ आणि कॅंडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची आहे, आणि ती चाळताना त्या परदेशी अधिकाऱ्याविषयी मला आजही आदर वाटतो. कारण शेतकऱ्याचे, कोळ्याचे, स्वयंपाकघरातले, भांडणातले, शिष्टांनी कधी कागदावर येऊ दिले नसते असे शब्द त्याने हलके म्हणून टाकून दिले नाहीत. तथापि कोश शब्द साठवितो, शाळा शब्द निवडते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याला छापील पुस्तके हवी होती, पुस्तकांना एकच वळण हवे होते, आणि ते वळण पुण्याच्या शिष्टवर्गाच्या भाषेचे ठरले. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत रूढ होण्यात मेजर कॅंडी यांचा मोठा वाटा आहे. यात कोणाचे कारस्थान होते असे मी म्हणत नाही. सावंतवाडीच्या माणसाचा अर्ज बुलढाण्याच्या कारकुनाला वाचता यावा, यासाठी काहीतरी सामाईक वळण लागतेच. प्रमाणभाषा ही सर्वांच्या येण्याजाण्यासाठी बांधलेली सडक आहे, आणि ती बांधणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. प्रश्न एवढाच की सडकेच्या कडेला राहणाऱ्याने आपले घर पाडून सडकेवरच राहावयास यावे, असा हुकूम आपण केव्हापासून काढू लागलो.

या हुकुमाचे वय फार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की मोडी लिपीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. अटकेपासून तंजावरपर्यंतच्या घडामोडी ज्या कागदांतून कळत होत्या, सरंजाम, जमाबंदी, तह, न्यायनिवाडे, वतनांचे कज्जे ज्या कागदांतून निकाली निघत होते, त्या कागदांवर ऱ्हस्व कोणते आणि दीर्घ कोणते याची चौकशी नव्हती, आणि तेवढ्यावाचून राज्याचा एकही हुकूम अडून राहिला नाही. नियमसुद्धा अचल नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने ठरविलेले लेखनविषयक नियम १९६२ साली अमलात आले तेव्हा, उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीसाठी जपलेले शेकडो अनुस्वार एकदम रद्दबातल झाले. आदल्या वर्षी जो अनुस्वार गाळल्याबद्दल मुलाच्या वहीत चूक पडत होती, तो दिल्याबद्दल पुढल्या वर्षी चूक पडू लागली. नियम बदलला म्हणून मी दुःखी नाही. बदल योग्यच होता. परंतु त्या नियमाच्या नावाखाली ज्या मुलांना आपण मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसविले, त्यांना परत पुढे आणून बसविण्याचा नियम कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

एकसारखेपणाची मागणी राजदंड हातात घेऊन येते तेव्हा काय होते, याचा अनुभव आपल्या शेजारच्या गोव्याने घेतला आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांच्या ओवीत, त्यांच्या भाषेत आपला धर्म सांगावा अशी त्यामागची दृष्टी होती. त्याच भूमीत १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने फर्मान काढले की लोकांनी आपली देशी भाषा टाकावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. फर्मानाची मुदत संपली, शतके गेली, पोर्तुगीज अंमलही गेला. घराघरांत स्त्रिया मुलांशी कोंकणीच बोलत राहिल्या. पण या कथेचा उत्तरार्ध आपल्यासाठी अधिक अवघड आहे. पोर्तुगीजांच्या फर्मानाचा निषेध करताना आपला आवाज चढतो, आणि हीच कोंकणी माणसे आम्ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहो असे सांगू लागली तेव्हा आपल्यातील मोठमोठ्या पंडितांना ते ऐकवेना. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली गोव्यात ती राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान मिळाले. गोव्यात मराठीवर जिवापाड प्रेम करणारे घरंदाज लोक आहेत, देवळांतून मराठी कीर्तन चालते, ते प्रेम खरे आहे आणि त्याला माझा नमस्कार आहे. परंतु ‘तुम्ही आमच्यापैकीच आहा’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात जिव्हाळा असला तरी ऐकणाऱ्याच्या कानी ते कधी कधी तुमचे वेगळे अस्तित्व आम्ही मोजणार नाही असे पडते, हे समजण्यास मला स्वतःला बराच काळ लागला.

आपल्या परंपरेत याहून निराळी वागणूकही आहे, आणि तिच्याकडे मी पुनःपुन्हा जातो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. त्यांनी आपला विचार मराठीत सांगितला. त्यांच्यामागे पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांचे विद्वान शिष्य केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले; हे असे लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेले आहे. त्या काळी ज्ञानाची प्रमाणभाषा संस्कृत होती आणि मराठी ही बायाबापड्यांची बोली होती. म्हणजे आज पानी आणि पाणी यांचे जे नाते, तेच तेव्हा मराठी आणि संस्कृत यांचे होते. आचार्यांनी म्हाताऱ्यांना संस्कृत शिकावयास पाठविले नाही, पंडिताला मराठीकडे आणले. त्याच पंथाची आणखी एक रीत मला विशेष वाटते. महानुभावांच्या पोथ्यांत चक्रधरांच्या एकाच लीळेचे, म्हणजे आठवणीचे, निरनिराळ्या व्यक्तींनी सांगितलेले निरनिराळे पाठ शेजारी शेजारी जपून ठेवलेले दिसतात. आपल्या गुरूच्या शब्दांविषयी ज्यांची निष्ठा इतकी पराकाष्ठेची होती, त्यांनीही एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळून टाकले नाहीत. अमुकाच्या स्मरणात असे आहे, तमुकाच्या स्मरणात तसे, एवढे त्यांनी नम्रपणे लिहून ठेवले.

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. माझी आजी रत्नागिरीकडची. ती आणि तिची धाकटी बहीण दुपारी माजघरात निवडण-टिपण करीत बसल्या की एका सानुनासिक, झुळझुळत्या बोलीत बोलत, आणि कोणी पुरुष आत आला की दोघी तत्क्षणी पुणेरी मराठीवर येत. ती चित्पावनी बोली. माझ्या वडिलांना ती समजत होती पण येत नव्हती. मला ती समजतही नव्हती. ज्या वर्गाच्या बोलण्याला महाराष्ट्राने प्रमाण मानले, त्या वर्गानेही ते प्रमाणपण मिळविताना आपल्या आयांची भाषा चुलीत घातली होती. आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर आमच्या घरातून काय गेले, हे विचारण्याचेसुद्धा कोणाला सुचले नाही. मला जे नाकारले गेले होते ते मी वऱ्हाडातल्या त्या मुलाला नाकारीत होतो, आणि दोन्ही वेळा त्या कृत्याचे नाव शिक्षण असेच होते.

मराठी साहित्याने या बाबतीत मराठी समाजापेक्षा लवकर आपले मन मोठे केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आरंभ मात्र तसा नव्हता. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांचा समाचार घेतला तेव्हा विचारांबरोबर भाषेवरही प्रहार होता. माझ्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे मीही शास्त्रीबोवांच्या शैलीच्या मोहात वाढलो; पण कुणब्याच्या दुःखाची हकीकत कुणब्याला समजेल अशा भाषेत लिहिणे हा जोतीरावांचा दोष नव्हता, ते त्यांच्या लिहिण्याचे प्रयोजनच होते, हे आता मला निःसंशय वाटते. पुढे १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आली. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची कविता छापून निघाली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि जळगावाकडच्या लेवा बोलीत त्यांनी जात्यावर, शेतात जे रचले ते त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने १९६० साली वऱ्हाडी संसार वऱ्हाडी शब्दांत उभा केला. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्यांतील शब्दांचे अर्थ पांढरपेशा वाचकाला कोणाला तरी विचारून घ्यावे लागले, आणि कोणी कोणाला प्रमाण मानावयाचे हा प्रश्न प्रथमच उलट बाजूने विचारला गेला. मालवणी ‘वस्त्रहरण’ नाटकाला तर प्रेक्षकांनी हजारो प्रयोगांची दाद दिली.

पण सभ्यहो, पुस्तकात आणि रंगभूमीवर ज्याला आपण टाळी देतो त्याला मुलाखतीच्या खोलीत काय देतो? बहिणाबाईंची कविता क्रमिक पुस्तकात आहे, गुरुजी ती गहिवरून शिकवितात, आणि तास संपल्यावर त्याच बोलीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘नीट बोल’ म्हणून सांगतात. हे मी पाहिले आहे, आणि तो गुरुजी वाईट मनुष्य नव्हता. कवितेतील वेगळेपण आपल्याकडून काही मागत नाही; ते छापलेले, बांधलेले, कपाटात ठेवता येण्याजोगे असते. समोर उभे असलेले वेगळेपण मात्र उत्तर मागते, वेळ मागते, शेजारची खुर्ची मागते. मेळघाटातील कोरकू मूल किंवा गडचिरोलीकडील गोंड मूल पहिल्या दिवशी मराठी शाळेत येते तेव्हा तर उच्चाराचाही प्रश्न नसतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्राविड कुळातली, आणि त्या मुलाला फळ्यावरचे अक्षरच नव्हे तर गुरुजींचे एक वाक्यही कळत नाही. ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याला हजेरीपटाशेजारच्या रकान्यात ‘मंद’ म्हटले जाते. मराठीने संस्कृताचे, फारसीचे, इंग्रजीचे वर्चस्व सोसले, आणि त्या सोसण्याची कथा आपण वारंवार सांगतो. कोरकू मुलाच्या कथेत ती वर्चस्वाची जागा मराठीची आहे.

आता मी पुन्हा त्या मुलाकडे येतो. त्यानंतरच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तो आठवडाभर शाळेत आला नाही, म्हणून मी चौकशीसाठी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची आजी बसली होती. तिने मला बाज टाकून दिली आणि म्हणाली, “बसा मास्तर. पानी घ्या. आमचं पोट्टं शायेत बोलते का नाई?” मी काही बोलण्याच्या आत आतून तो मुलगा आला आणि खाली मान घालून तिला म्हणाला, “आजी, शाया नाही. शाळा. आणि पाणी म्हण.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने पाण्याचा पेला माझ्या हाती दिला आणि मी तेथे होतो तोवर ती एक शब्दही बोलली नाही.

मी त्याला जे शिकविले ते तो इतके उत्तम शिकला होता. त्या पेल्यातले पाणी मी कसे प्यालो ते मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने त्याचे वडील वावरातून आले. मी अपराध्यासारखा काहीतरी पुटपुटलो; बोलू द्या हो त्याला घरच्यासारखे, असे काहीसे. त्यावर ते गृहस्थ जे म्हणाले ते मी आजतागायत विसरलो नाही. “नाई सर. त्याले तुमच्यावानी बोलता आलं पाह्यजे. आमच्यावानी बोलला त कचेरीत कोनी उभं करत नाई.” बोलींच्या रक्षणाविषयी शहरात बसून कळकळीने लिहिणाऱ्या आम्हा लोकांना या वाक्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते सोपे नाही. त्या बापाचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. तलाठ्याच्या चावडीत, कर्ज मागावयास गेल्यावर सोसायटीत, कोर्टाच्या आवारात त्याने स्वतः ते भोगले होते. ज्याला प्रमाणभाषा जन्मतः मिळाली त्याने दुसऱ्याला ‘तुमची बोलीच गोड, तुम्ही तीच बोला’ असे सांगणे म्हणजे आपण सडकेवरून चालावयाचे आणि त्याने पाऊलवाटेचे सौंदर्य सांभाळीत चिखलात राहावयाचे, असे होते. असली सहिष्णुता मला नको आहे. त्या मुलाला प्रमाण मराठी शिकण्याचा पूर्ण हक्क होता आणि ती शिकविणे हे माझे कर्तव्य होते. त्यात मी कसूर करावी असे त्याच्या बापाने मुळीच म्हटले नसते.

मग माझा अपराध कोणता? मी ‘पाणी’ शिकविले हा नव्हे. ‘पानी’ म्हणणारी म्हातारी चूक आहे, हे त्याच श्वासात शिकविले, हा. एक शब्द देताना दुसरा काढून घेण्याची काही गरज नव्हती. आणि बापाच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तर माझ्यासारख्यांकडेच बोट दाखवीत होता: कचेरीत उभे न करणारा कोण होता? माझ्याच शाळेसारख्या शाळांतून माझ्यासारख्याच शिक्षकांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेला कारकून. त्या मुलाची जीभ वळविण्यावर मी जितके श्रम घेतले त्याच्या दशांशानेही वर्गातल्या इतरांचे कान वळविण्यावर घेतले नव्हते. भिन्नतेचा सगळा भार आपण भिन्न असलेल्याच्या शिरावर टाकतो. त्याने बदलावे, त्याने शिकावे, त्याने लपवावे. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. चोरावी लागते ती वस्तू माणसाची स्वतःची असते, हे त्या नावातले दुःख मला त्या दारात बसल्यावर कळले.

परतल्यावर मी वर्गात एक कोरी वही ठेवली. प्रत्येकाने आठवड्यातून एक शब्द घरून आणावयाचा. पुस्तकात नसलेला, आईबापांच्या, आजीआजोबांच्या तोंडचा. तो उभे राहून सांगावयाचा आणि त्याचा अर्थ बाकीच्यांनी, माझ्यासकट, वहीत उतरून घ्यावयाचा. पहिल्या दिवशी मीच उभा राहिलो आणि मुलांची क्षमा मागून वखर, तिफन आणि डवरा हे तीन शब्द फळ्यावर लिहिले. आरंभी मुले लाजत. एका मुलीने ‘धुरा’ आणला. दोन शेतांमधल्या ज्या हद्दीला मी बांध म्हणतो ती. कोणी ‘काऊन’ आणला, कोणी ‘कोठा’. सावजी-तेल्याच्या घरचे शब्द निराळे, मुसलमान मुलाच्या घरचे निराळे, नदीपलीकडच्या बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलाचे तर सर्वस्वी निराळे निघाले, आणि ज्यांना मी एकजात ‘वऱ्हाडी पोरे’ म्हणून एका गठ्ठ्यात बांधले होते त्यांच्यातल्या त्यांच्यात किती अंतरे आहेत ते दिसू लागले. माझाही नंबर आल्यावर मला आजीच्या बोलीतला एकही शब्द आठवेना, आणि ते मी मुलांना सांगितले.

तो मुलगा मात्र काही आणीत नव्हता. मी विचारीत नव्हतो. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शेवटचा वेचा होऊन शेते मोकळी होऊ लागली. एका शनिवारच्या सकाळच्या शाळेत तो आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, “उलंगवाडी.”

मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. मी अर्थ विचारला. तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याच्या नकळत तो घरच्या बोलीवर आला. कापूस सरला, झाडावर एक बोंड राहिलं नाई, मंग पऱ्हाटी उपटतात, ढोरं वावरात मोकळी सोडतात, तवा म्हनतात, उलंगवाडी झाली. आजी म्हनते, मानसाचीबी होते.

वर्गात कोणी हसले नाही. एका मुलाने विचारले, “सर, पुस्तकातल्या मराठीत याला काय म्हणतात?” मी आठवून पाहिले आणि मला शब्द सापडला नाही. मी खडू घेतला, फळ्याशी गेलो, ‘उ’ लिहिला आणि थांबलो. मग मागे वळून मी त्याला विचारले, पुढचे अक्षर ‘ल’ की ‘ळ’?

“ल,” तो म्हणाला. “ल लिहा, सर.”